ड्यूटीनंतरचा वर्ग

रात्री नऊला ड्यूटी संपली की दहाला व्यवस्थापनाचा ऑनलाइन वर्ग. गणवेश बदलायचाही कंटाळा. कॅमेरा बंद ठेवतो आणि बूट तेवढे काढतो. पहिल्या सत्रात 'नफा' शब्द आला की डोकं अडायचं. आमच्या फौजेच्या भांडारात कसला आलाय नफा? सुटा भाग वेळेवर मिळाला नाही की गाडी उभी राहते, एवढंच.

मग पर्ट शिकवलं, म्हणजे कामांचा क्रम आणि वेळ जाळ्यासारखा मांडून कुठल्या कामामुळे उशीर होतो ते शोधायचं. ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी निघाली, हे कळल्यावर हसूच आलं. फौजेचीच विद्या, आणि फौजीच फी भरून शिकतोय!

त्याच रात्री इंजिन-दुरुस्तीच्या कामांचं जाळं कागदावर मांडलं. उशीर मेकॅनिककडे नव्हताच. माझ्या सहीसाठी तीन दिवस पडून राहणाऱ्या इंडेंटमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या मागणीपत्रात होता. गृहपाठात लिहिलंय तसं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.