सगळं ऑनलाइन आहे, मग तुम्ही करता काय?

लग्नात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, ठाणे-वाशी लोकलमध्ये ओळखीचं कोणी भेटलं की मला हमखास एकच प्रश्न येतो. "आता शिष्यवृत्तीचं सगळं सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असतं ना? मग कॉलेजच्या त्या विद्यार्थी सहाय्य केंद्रात तुम्ही दिवसभर करता तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

फॉर्म भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. मुलं ते मोबाइलवर माझ्यापेक्षा भराभर करतात. आमचं काम फॉर्मच्या आधीचं: कुठल्या कागदाआधी कुठला कागद लागतो, तो मिळतो कुठे आणि त्याच्या मागे कधीपासून लागायचं. ज्या घरात ताई किंवा दादा कॉलेज करून बसलेत, तिथे हे जेवताना कानावर पडतं. आमच्याकडे येणाऱ्यांचे वडील वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत माथाडी असतात, आई सीवूड्सला चार घरची कामं करते, आणि बारावीच्या पुढे गेलेलं घरात कोणीच नसतं. त्यामुळे थोरल्या बहिणीचं काम आम्ही पगार घेऊन करतो, असं म्हणा.

उत्पन्नाचा दाखलाच घ्या. नवी मुंबई आपल्याला एकच वाटते, पण नेरूळचा मुलगा ठाणे तालुक्यात येतो आणि खाडीपलीकडे कामोठ्याला राहणारी त्याच्याच बाकावरची मुलगी पनवेल तालुक्यात, म्हणजे थेट रायगड जिल्ह्यात. "माझा ठाण्याहून झाला, तूही तिथेच जा" हा मित्राचा सल्ला तिचा एक दिवस आणि आईचा एक खाडा खातो. ही किरकोळ अडचण झाली.

खरी गंमत जात पडताळणीची. गंमत म्हणजे काय, डोकेदुखीच. इंजिनीअरिंग, फार्मसीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेआधीचा जातीचा पुरावा हवा: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्याची आणि सोडल्याची रजिस्टरमधली नोंद. आता बघा, मुलगी घरातली पहिली शिकणारी, आणि तिच्याकडे मागतात ती आजोबांची शाळा! आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा गेले होते का, ते शोधा. तेही नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीतली जन्माची नोंद शोधा. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, पण घरातल्या पहिल्या मुलीला ती सोय कुठून असणार? पुढच्या भावंडांना तिची उपयोगी पडते, तिला मात्र कोणाचीच नाही.

तुर्भे स्टोअर्सची एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली होती. मूळ गाव जालना जिल्ह्यातलं. आजोबांचा उतारा होता, जातीचा रकाना स्वच्छ, तारीखही जुनी. मात्र उताऱ्यात 'दत्तू', वडिलांच्या दाखल्यावर बापाचं नाव 'दत्तात्रय', आणि आधारवर आडनावातली वेलांटी वेगळी. तिला वाटत होतं, इतका जुना कागद मिळाला म्हणजे काम फत्ते. मी तिच्यासमोर तिन्ही कागद एकाखाली एक ठेवले आणि पेन्सिलीने नावांवर गोल केले. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र, आधारची दुरुस्ती, अशी यादी निघाली. मूळ गाव जालन्याचं म्हणून जात पडताळणी समितीही तिकडचीच. वाशीत बसून काही होत नाही. मुलगी हुशार, पण तिच्या हुशारीचा यात काडीचा उपयोग नव्हता. तिला उपयोग झाला तो वेळेचा, कारण ती अकरावीतच आली होती. हेच बारावीच्या निकालानंतर आली असती तर मी फक्त चहा पाजला असता.

दुसरा फटका बसतो प्रवेशाच्या वेळी. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आला आणि टीव्हीवर "मुलींचं शिक्षण मोफत" असं झळकलं. तो आहे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरता, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींसाठी, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपलं. एजंट हे सांगत नाही. "सीट पक्की करून देतो" एवढंच सांगतो, आणि बाप गावाकडची म्हैस विकून पैसे भरतो.

कोणी विचारतं, मग आम्ही मदत काय करू, पैसे देऊ का? द्या, नको कोण म्हणेल. फीची रक्कम खात्यात पडायला उशीर होतो आणि मधल्या काळात रेल्वेचा पासही जड जातो. पण त्याआधी एक करा. तुमच्या वॉचमनची, पोळीवाल्या मावशींची मुलं नववी-दहावीत असतील तर आताच विचारा, आजोबांच्या शाळेचा उतारा काढलाय का. आणि गावी कधी जाणार तेही विचारा. बहुतेक जण मे महिन्यात नाहीतर दिवाळीत जातात, आणि नेमकी तेव्हाच जिल्हा परिषदेची शाळा बंद असते. रजिस्टर कपाटात आणि कपाटाची किल्ली गुरुजींच्या घरी. त्यापेक्षा चैत्रात गावच्या जत्रेला जा म्हणावं, शाळा उघडी असते. निघण्याआधी मुख्याध्यापकांना फोन करायचा आणि मुलीच्या बापाला स्वतः अर्जावर सही करायला सोबत न्यायचं.