भिंत जमिनीतून निघाली, छत कुठून आणायचं? : नेब्रास्कातली सॉडची घरं

अमेरिकेतला होमस्टेड कायदा म्हटलं की १६० एकर फुकट जमीन, एवढंच सांगितलं जातं. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या त्या कायद्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. जमीन कसायची होतीच, शिवाय तिच्यावर राहायचं होतं. नाव नोंदवल्यापासून सहा महिन्यांत वस्तीला जायचं, सलग पाच वर्षं राहायचं, मध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ गैरहजर राहिलं तर हक्क गेला. पाच वर्षं झाली की पुढच्या दोन वर्षांत दोन साक्षीदार घेऊन जमीन-कचेरीत जायचं आणि इथे घर आहे, शेती आहे असं शपथेवर सांगायचं. सगळं मिळून सरकारी शुल्क सुमारे १८ डॉलर.

म्हणजे घर ही कायद्याची गरज होती. आणि नेब्रास्काच्या, कॅन्ससच्या, डकोटाच्या माळावर घर बांधायला लाकूडच नव्हतं. ओहायो किंवा इंडियानात जंगल तोडता तोडता ओंडक्यांचं घर उभं राहायचं, इथे नजर जाईल तिथपर्यंत गवत. नदीकाठी कॉटनवुड आणि विलो, काही घळींमध्ये सीडर, बाकी काही नाही. रेल्वेस्थानकावर फळ्या विकत मिळत, पण स्थानक अनेकदा दिवसभराच्या गाडीवाटेवर आणि खिसा रिकामा. म्हणून लोकांनी पायाखालच्या गवताळ मातीचा थर, म्हणजे सॉड, कापून त्याच्या भिंती रचल्या.

घराआधी जमीन सापडायला हवी. १७८५ पासून चालत आलेल्या पद्धतीने सगळा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा टाउनशिपमध्ये कापला होता. एका टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे आपले १६० एकर, अर्ध्या मैलाचा चौरस. झाडं असलेल्या भागात मोजणीदार कोपऱ्याची खूण झाडावर कोरत, माळावर खड्डे खणून मातीची ढिगुळी करत आणि त्यात खुंटी ठोकत. खुंटी गुरांनी पाडली किंवा वणव्यात जळली की कोपरा शोधणं अवघड. मग गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची, चाकाचा घेर मोजायचा आणि ओळखीच्या खुणेपासून गाडी सरळ हाकत फेरे मोजायचे. या हिशोबात चूक झाली तर घर शेजाऱ्याच्या जमिनीत. पाच वर्षांची वस्ती मग कुणाच्या नावावर लागणार?

हा मुलूख रिकामा होता असं जे म्हटलं जातं ते खोटं आहे. नेब्रास्कातलं लूप नदीचं खोरं पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं. १८३३, १८४८ आणि १८५७ च्या करारांनी त्यांची जमीन आक्रसत गेली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांची मातीची घरं मोठी आणि गोल होती. आत जाड खांबांची चौकट, तिच्यावर विलोच्या काठ्या, मग गवत, मग माती. त्यांचा सगळा भर लाकडी सांगाड्यावर होता, माती नुसती वरून पांघरलेली. नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी याच्या उलट केलं: भार मातीच्या भिंतीवर टाकला आणि लाकूड फक्त छताला ठेवलं. त्यांच्या घरांचं दुखणं कुठे आहे ते इथेच कळतं.

सॉड म्हणजे नुसती माती नव्हे. शेकडो वर्षं नांगर न लागलेल्या माळाच्या वरच्या थरात गवताची मुळं इतकी दाट विणलेली असतात की तो थर चटईसारखा सोलून निघतो. बिग ब्लूस्टेम, बफेलो ग्रास आणि ओलसर सखल भागातलं जाड पात्याचं स्लू ग्रास यांचा सॉड चांगला मानत. विरळ गवताच्या रेताड जमिनीचा सॉड उचलतानाच सुटतो.

साधा नांगर इथे चालत नाही, कारण त्याचा वळलेला फाळ माती उलथताना मोडतो. त्यासाठी ‘ग्रासहॉपर’ नावाचा नांगर वापरत. आडवं पातं जमिनीखालून कापत जाई आणि फाळाच्या जागी असलेल्या लोखंडी सळ्यांवरून पट्टा न तुटता घसरून बाजूला पडे. पट्टा १२ ते १४ इंच रुंद, ३ ते ४ इंच जाड. मग धारदार कुदळीने त्याचे दोन ते तीन फूट लांबीचे तुकडे करायचे. एक तुकडा साधारण ५० पौंडांचा, म्हणजे २२-२३ किलो. १६ बाय २० फुटांच्या घराला असे ३,००० च्या आसपास तुकडे लागत. दोन चौरस फुटांचा एक तुकडा धरला तर हे ६,००० चौरस फूट, एकराचा सातवा भागसुद्धा नाही. प्रत्यक्षात अर्धा एकर, कधी त्याहूनही जास्त नांगरावं लागे. कडेचे पट्टे वाया जातात, दगड किंवा उंदराचं बीळ लागलं की पट्टा तुटतो, आणि गाडीत चढवता उतरवताना तुकडे मोडतात ते वेगळेच.

वेळ साधणं सर्वांत महत्त्वाचं. जमीन पावसाने ओलावलेली असतानाच कापायचं, कोरडी असली तर भुगा होतो. आणि त्या दिवशी भिंतीत जाईल तेवढंच कापायचं. रात्रभर उघड्यावर राहिलेला तुकडा कडांनी वाळून आकसतो, मग सांधे बसत नाहीत.

पायाला दगड नाही. जागा कुदळीने सपाट करून धुमसायची आणि पहिला थर थेट तिच्यावर. गवताची बाजू खाली, मुळं वर. वर आलेली मुळं पुढच्या थरात शिरून पकड घेतात. दोन किंवा तीन तुकडे शेजारी शेजारी, म्हणजे भिंतीची जाडी दोन ते तीन फूट. विटकामासारखे सांधे चुकवायचे, फटींत भुसभुशीत माती भरायची आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला तुकडे आडवे घालायचे. हा आडवा थर विसरला तर आतली आणि बाहेरची रांग सुट्या होतात आणि भिंत पोट काढते.

दाराची चौकट सुरुवातीलाच उभी करायची, खिडकीची चौकट भिंत त्या उंचीला आली की. चौकटीला भोकं पाडून त्यातून लाकडी खुंट्या भिंतीत ठोकत. चौकटीच्या वर मात्र मोकळी जागा सोडावीच लागे, कारण ओला सॉड वाळत जातो, दबतो आणि भिंत काही इंच खाली बसते. मोकळ्या जागेवर सीडरचे दांडके टाकून पोकळीत गवत किंवा चिंध्या कोंबायच्या. ज्यांनी ही जागा सोडली नाही त्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि दारं अडकली. काच ही घरातली सर्वांत महाग वस्तू असायची. १८७२ सालच्या, टेकडीत अर्धवट खणलेल्या एका चौदा फुटी घराचा हिशोब उपलब्ध आहे: खिडकी १.२५ डॉलर, दाराच्या फळ्या ५४ सेंट, कडी-बिजागऱ्या ५० सेंट, छतातून काढायची धुराची नळी ३० सेंट, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण २ डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. जवळजवळ निम्मा खर्च एका खिडकीचा.

भिंत उभी राहिली की आतून कुदळीने तासून सरळ करायची आणि चिकणमातीत राख मिसळून लिंपायची, चुना मिळाला तर पांढरी करायची. अशी भिंत उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते, जळत नाही, वाऱ्याने हलत नाही. वणवे आणि हिमवादळं यांच्या मुलखात ही फार मोठी गोष्ट. सॉडच्या भिंतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

छताचं तसं नाही. दोन टोकांना आणि मध्ये दुबेळक्याच्या मेढी रोवायच्या, त्यावर आढं टाकायचं, आढ्यावरून भिंतीपर्यंत वासे, वाशांवर विलोच्या फांद्या, त्यावर लांब गवत आणि सर्वांत वर पुन्हा सॉड. आढ्याला सीडर मिळाला तर उत्तम. बहुतेकांना कॉटनवुडच मिळे आणि तो वाळताना पिळवटतो.

उतार किती द्यायचा? जास्त दिला तर सॉड घसरतो, पावसात धुऊन जातो. कमी दिला तर पाणी मुरतं. मुरलेल्या पाण्याने छताचं वजन वाढतं, मेढी खचतात, आढं वाकतं. छत आतल्या माणसांवर बसल्याच्या घटना याच कारणाने झाल्या, म्हणून बरेच जण पावसाळी दिवसांत आतून जादा टेकू लावत. गळतीचं तर विचारूच नका. बाहेर पाऊस थांबला तरी आत दोन-तीन दिवस चिखलाचं पाणी ठिबकत राही, आणि चुलीपुढे उभ्या बाईच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरावी लागे. कोरड्या दिवसांत माती, उंदीर, कधी साप खाली पडत. त्यासाठी आढ्याखाली मलमलीचं कापड ताणून बांधत. पैसे हातात आले की पहिली सुधारणा छताचीच होई: आधी सॉडखाली फळ्या आणि डांबरी कागद, नंतर सॉड काढून लाकडी कौलं.

१२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळातही हेच दिसलं. ऑर्ड गावाजवळच्या मायरा व्हॅलीत सॉडची शाळा होती. भिंती टिकल्या, छत वाऱ्याने नेलं. मिनी फ्रीमन ही तरुण शिक्षिका मुलांना घेऊन बाहेर पडली आणि सगळ्यांना जवळच्या घरी सुखरूप पोहोचवलं. त्या वादळात माळावर दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं कितीतरी.

जळणाचा प्रश्नही लाकडाचाच. सुरुवातीला बायसनची रानशेणी गोळा करत. १८७० च्या दशकात बायसन मारून संपवल्यावर गुरांची. तीही नसली की वाळलेलं गवत घट्ट पिळून त्याचे मुटके चुलीत घालत. गवत भराभर जळतं, त्यामुळे कडक थंडीत एक माणूस दिवसभर नुसते मुटके पिळत बसे.

शेतीचं थोडक्यात सांगतो. तीच मुळांची चटई शेतातही होती. पहिल्या वर्षी मे-जूनमध्ये दोन-तीन इंच खोल उथळ नांगरायचं, म्हणजे सॉड उलटा पडून कुजतो. खोल नांगरलं तर तो कुजत नाही, नुसता वाळतो. उलटलेल्या पट्ट्यांत कुऱ्हाडीने खाचा पाडून मका टोचायचा. पीक बेताचंच येई. खरी लागवड दुसऱ्या वर्षी.

आणि १६० एकरांचा आकडा तरी कुठला? पूर्वेकडच्या पावसाच्या मुलखातला. शंभरावा रेखांश नेब्रास्कातल्या कोझॅड गावातून जातो. त्याच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांखाली उतरतो. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की या कोरड्या पट्ट्यात गुरांवर जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर हवेत आणि पाटाखालची शेती असेल तर ८० एकर पुरेत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ऐकलं नाही. ‘नांगरामागून पाऊस येतो’ हे लोकांना जास्त आवडणारं वाक्य होतं, आणि १८८० च्या दशकातल्या बऱ्या पावसाने ते खरंही वाटलं. १८९० आणि १८९४ च्या दुष्काळांनी ते पुसलं. पश्चिम नेब्रास्का आणि कॅन्ससमधून हजारो कुटुंबं परत फिरली.

त्यांची घरं तिथेच राहिली. सॉडचं छत साधारण सहा-सात वर्षं टिकतं, म्हणजे जमिनीचा कागद हाती येईपर्यंत कसंबसं. छत पडलं की भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरतं, थर सुटतात आणि काही हिवाळ्यांत भिंत मातीची वरंबी होते. नीट राखलेल्यांचं वेगळं. कस्टर परगण्यात कॉमस्टॉकजवळ डाउज कुटुंबाचं सॉडचं घर आहे. ते १९०० मध्ये बांधलं आणि १९५९ पर्यंत त्यात माणसं राहत होती.