ओव्यांचा लॅपटॉप

जुलै 2022. कोल्हापुरात चार दिवस संततधार होती आणि राजारामपुरीतल्या माझ्या दुकानाच्या पायरीला पाणी लागलं होतं. साडेदहाच्या सुमारास एक बाई आल्या. लॅपटॉप टॉवेलात आणि त्यावर खताच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेला. मागे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, पार भिजलेला. आजरा तालुक्यातल्या एका गावातून पहाटेची एसटी धरून आले होते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा त्यांच्या दिराचा.

"दादा, फॉरमॅट मारू नका." हे त्यांचं पहिलं वाक्य. काय झालंय ते नंतर. आदल्या दिवशी त्यांनी जवळच एका ठिकाणी लॅपटॉप दाखवला होता. तिथं सांगितलं, व्हायरस आहे, पाचशे रुपये होतील, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डाटा मात्र जाईल. बाईंनी लॅपटॉप उचलला आणि घरी आल्या.

तो उचलला म्हणून पुढचं सगळं घडू शकलं. आमच्या धंद्यात 'फॉरमॅट मारणं' हे तापावरच्या गोळीसारखं झालंय. काहीही बिघडलं की मार फॉरमॅट. अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळं, आपण मोकळे. मीही तेच करायचो. 2019 च्या जून महिन्यात एका ठेकेदाराचा संगणक असाच माझ्याकडे आला होता, खंडणी मागणाऱ्या व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद केलेल्या. मी सांगितलं, काही होणार नाही, आणि डिस्क पुसून नवीन विंडोज टाकून दिलं. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला एम्सिसॉफ्ट या कंपनीने त्या व्हायरसच्या कुळातल्या 148 प्रकारांसाठी कुलूप काढणारं साधन फुकट उपलब्ध केलं. त्या ठेकेदाराच्या फायली जागेवर असत्या तर सुटण्याची चांगली शक्यता होती. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" खरंच नव्हता. त्या दिवसापासून माझ्या दुकानात डिस्कची पूर्ण प्रत निघाल्याशिवाय फॉरमॅट होत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

"काय आहे मॅडम यात एवढं?" मी विचारलं.

"आत्यांच्या ओव्या."

आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई. वर्षभरापूर्वी वारल्या. त्याआधी दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत बाईंनी त्यांना जात्यावर बसवून 63 ध्वनिमुद्रणं केली होती. आत्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि दळायला बसल्याशिवाय ओवी आठवत नव्हती. म्हणून पिठाची गरज नसतानाही मूठभर नाचणी घेऊन बसायचं. बाई बोलताना म्हणाल्या की हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या होत्या, ते वाचून आपल्याही घरात कुणी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. मी सगळ्यात आधी मूळ कार्डाबद्दल विचारलं. रेकॉर्डर एका सहकाऱ्याचा उसना होता, कार्ड त्याच्यासोबत परत गेलं आणि नंतर पुसून वापरलं गेलं. नेटवर चढवायचं तर एकेक फाईल चाळीस-पन्नास एमबीची, आणि गावात रेंज गच्चीवर गेल्यावर. म्हणजे जे होतं ते फक्त या लॅपटॉपात.

झालं काय होतं ते मुलाकडून काढून घ्यावं लागलं. आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्याला तिचे फोटो आणि ओव्या जोडून व्हिडिओ करायचा होता, सगळ्या भावकीला दाखवायला. एडिटिंगचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी आवृत्ती, शोधला. पासवर्ड लावलेली झिप फाईल, सोबत सूचना की अँटिव्हायरस आधी बंद करा. त्याने बंद केला. मोबाईलचं हॉटस्पॉट चालूच होतं. फाईल चालवल्यावर विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली. "अपडेट चालू असताना बंद करायचं नसतं ना, म्हणून तसाच ठेवून झोपलो," तो म्हणाला. ती खिडकी खोटी असते. ती पुढे धरून मागे फायली एकेक करून कुलूपबंद होत राहतात आणि भल्या सवयीचा माणूस संगणक चालूच ठेवतो. सकाळी प्रत्येक फाईलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलेलं. घाबरून त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, राहिलेलं काही वाचवावं म्हणून. हा प्रकार दर पाच मिनिटांनी स्वतःला पुन्हा चालवतो. पेनड्राइव्हही गेला.

हे स्टॉप डीजेव्हीयू नावाचं कूळ. क्रॅकच्या नादाने घरगुती संगणकांत शिरणाऱ्या खंडणीखोरांत यासारखं पसरलेलं दुसरं मी पाहिलं नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी ठेवून जायचं: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490. त्या वेळच्या भावाने निम्मी रक्कमसुद्धा 39 हजारांच्या आसपास. बाईंनी हळूच विचारलं, "भरले तर देतात का?" मी सांगितलं, माझ्या हातून एक रुपया तिकडे जाणार नाही, आणि तुम्हीही आज काही भरू नका, संध्याकाळपर्यंत थांबा.

लॅपटॉप चालूच केला नाही. मागची झाकणी काढून डिस्क बाहेर घेतली, 1 टीबीची. बाजूला ठेवलेल्या लिनक्सच्या मशीनला लावली आणि तिची जशीच्या तशी प्रत काढायला सुरुवात केली. याला वेळ लागतो. साडेतीन तास लागले. मध्ये दोनदा लाईट गेली, बॅटरीवर धकलं. बाई बाकड्यावर बसून राहिल्या. समोरून चहा आला तो मुलाने घेतला नाही.

प्रत निघाल्यावर पहिलं काम किल्ली बघण्याचं. या प्रकाराला नेट मिळालं नाही तर तो स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतो. अशी किल्ली अनेक संगणकांना सारखीच, त्यामुळे ती कधीतरी हाती लागू शकते. नेट मिळालं तर गुन्हेगारांच्या सर्व्हरकडून या संगणकापुरती वेगळी किल्ली येते, ती फक्त त्यांच्याकडे. सी ड्राइव्हमध्ये एक ओळखक्रमांक लिहिलेला असतो. त्याच्या शेवटी टी आणि 1 ही अक्षरं असली तर ठरलेली किल्ली. मी फाईल उघडली. शेवटी ती अक्षरं नव्हती. हॉटस्पॉट चालू होतं. विंडोज जुन्या फायलींच्या ज्या सावली-प्रती ठेवतं त्याही पुसलेल्या.

बाईंना सांगितलं की कुलूप उघडणार नाही. त्यांनी मान हलवली. मुलगा उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. या कुळाला घाई असते. रात्रभरात लाखभर फायली उरकायच्या असतात, म्हणून ते मोठी फाईल पूर्ण कुलूपबंद करत नाही. पहिली 5 बाइट सोडतं, पुढची 150 केबी नासवतं आणि बाकीला हात लावत नाही. वर्डची फाईल, फोटो, यांना तेवढंच पुरेसं असतं, कारण फाईल कशी वाचायची ते सगळं सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. मी विचारलं, "मॅडम, रेकॉर्डिंग एमपी3 होतं की वेव्ह?" त्यांना ठाऊक नव्हतं. फाईलच्या नावात, त्या शेपटाच्या आधी, वेव्ह होतं. म्हणजे आवाज कच्चा, न दाबता साठवलेला.

एक फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे आतली कच्ची बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडली. सुरुवातीला आर, आय, एफ, एफ ही चार अक्षरं शाबूत. वेव्ह फाईलची सुरुवात अशीच असते. त्यापुढे कचरा, पानंच्या पानं, ज्यात कसलाच नमुना नाही. मी खाली खाली सरकवत राहिलो. 1,53,600 बाइटच्या, म्हणजे त्या 150 केबीच्या, थोडं पुढे गेल्यावर पडदा एकदम बदलला. 00 00, FF FF, 01 00, FE FF, पुन्हा 00 00. ज्याने ध्वनीच्या फायली आतून पाहिल्या आहेत त्याला हे चटकन कळतं. शून्याच्या अगदी जवळ खालीवर होणारे आकडे म्हणजे शांत खोली. माइक चालू आहे आणि अजून कुणी मोठ्याने काही बोललेलं नाही.

ऑडॅसिटी हे ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कच्चा डाटा आत घेण्याची सोय आहे. फाईल काय आहे ते तिला विचारू नकोस, मी सांगतो तसं वाच, असं म्हणायचं. 16 बिट, स्टिरिओ, सेकंदाला 44,100 नमुने, आणि पहिली 1,53,608 बाइट सोडून दे. हा आकडा 8 ने पुढे घेतला कारण मोजणी चारच्या पटीत बसावी लागते. एका बाइटने चुकलं तरी आवाजाऐवजी कानठळ्या बसवणारी खरखर येते. सेकंदाला 1,76,400 बाइटचा हिशोब धरला तर गेलेला भाग एका सेकंदाहूनही कमी.

स्पीकर लावला. आधी जात्याची घरघर आली, दगडावर दगड, एका लयीत. मग म्हातारा, किंचित फाटलेला आवाज. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन उभं होतं, तेही गप्प झालं. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी मुलाला आत हाक मारली.

एक फाईल सुटली म्हणजे 63 सुटल्या असं नसतं, पण रेकॉर्डर एकच होता, त्यामुळे आकडे तेच चालले. हे काम मी त्या मुलालाच दिलं. माझ्या बाजूच्या मशीनवर बसवलं, एकदा करून दाखवलं. फाईल आत घे, आकडे भर, शेवटचा बारीक खटका काप, कारण तिथं कुलूपवाल्याने स्वतःची खूण चिकटवलेली असते, आणि नव्या नावाने ठेव. तो जागेवरून हलला नाही. प्रत्येक फाईल पुरती ऐकून मगच पुढे जात होता. तेवढं ऐकायची गरज नव्हती. मी काही बोललो नाही.

तोवर मी लॅपटॉप हाती घेतला. त्यात 240 जीबीची नवी एसएसडी बसवली. जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर तारीख आणि 'कुलूपबंद, पुसू नये' असं लिहिलं. फोटोंची किल्ली आज नाही, पण उद्या पोलिसांनी कुठे सर्व्हर पकडले आणि किल्ल्या बाहेर आल्या तर ही डिस्क लागेल. स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेनड्राइव्हने विंडोज 10 टाकलं. लायसन्सची किल्ली मदरबोर्डातच असते, ती आपोआप लागली. मराठीचा युनिकोड कीबोर्ड, शाळेच्या कामाला लागणारं थोडंफार, आणि मुलासाठी एक व्हिडिओ एडिटर, फुकट आणि अधिकृत. अँटिव्हायरस वेगळा घातला नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवला तर घरच्या कामाला पुरतो. त्याला बंद करा म्हणणारी कुठलीही फाईल चालवू नये, एवढं मुलाला सांगायची गरज उरली नव्हती.

बाईंना मात्र एक काम तिथल्या तिथं करायला लावलं. या कुळासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा साथीदारही आत येतो. ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं गेलं असं धरून चालायचं. बँक, ईमेल, शाळेचं पोर्टल, एकेक पासवर्ड त्यांच्या मोबाईलवरून बदलून घेतला. ईमेल आधी, कारण बाकीच्या सगळ्यांची दारं तिथून उघडतात. या गोष्टीकडे आमच्यातले पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. विंडोज नवं झालं म्हणजे काम झालं असं समजतात, आणि दोन आठवड्यांनी गिऱ्हाईकाचं खातं रिकामं होतं.

फोटो गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवलेले तीस-चाळीस परत मिळतील. शाळेची कागदपत्रं गेली, ती त्या पुन्हा करतील म्हणाल्या.

साडेसात वाजता मुलाने शेवटची फाईल ठेवली. एसटी आठची होती. बाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, सगळ्यांत सुरुवात कापली गेलीय का बघ. गेली होती. काही ठिकाणी पहिला शब्द अर्धा होता. त्या म्हणाल्या, "आत्या बसल्या की आधी खुंटा ठोकायच्या. सैल व्हायचा तो. एकदा ठोकायच्या आणि मग घास टाकायच्या. ते कुठेच नाही आलं."

मुलगा म्हणाला, "काकी, एकात आहे." त्याने नावात 41 आकडा असलेली फाईल लावली. त्या दिवशी बाईंनी रेकॉर्डर लवकर चालू केला असावा. दोन सेकंद काही नाही, बाहेर कोंबडी, मग लाकडावर दगडाची एक ठोक, आणि मग आत्यांचा आवाज: "लागलं का गं?"

ती फाईल मी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून दिली, एक बाईंच्या हातात आणि एक त्या मुलाच्या खिशात.