बीपी नॉर्मल, मग शॉक कसला? : मेडिक्लेमचा माझा अनुभव

लेक चार वर्षांची. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पोटाला हात लावला तर चटका, आणि तळपाय मात्र गारठलेले. रिक्षा करून नाशिकच्या द्वारकेवरून दवाखाना गाठला. पाच दिवस पीआयसीयू (लहान मुलांचा अतिदक्षता विभाग), नवव्या दिवशी घरी. डॉक्टर, सिस्टर सगळी चांगली माणसं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती क्लेमची. विमा कंपनीला फाइल दिली आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं: 'दाखल करताना बीपी नॉर्मल, ब्लड कल्चर निगेटिव्ह. सेप्टिक शॉकचं निदान कशाच्या आधारे?' (ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी; सेप्टिक शॉक म्हणजे संसर्गामुळे अवयवांना रक्त पुरेनासं होणं.) ऑफिसात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "मॅडम, शॉक म्हणजे बीपी लो. लो कुठेय?" रात्रभर मॉनिटरकडे डोळे लावून बसलेल्या आईला हे ऐकवायचं! घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली.

डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी माझंच नख दाबून सोडलं. लगेच गुलाबी झालं. "तुमच्या मुलीला त्या पहाटे पाच सेकंद लागत होते," म्हणाल्या. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे बीपी बराच वेळ टिकून राहतं. ते पडतं सगळ्यात शेवटी. पडायची वाट बघत बसलो तर उशीर झालेला असतो.

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. 2005 पासूनचे जुने निकष बाजूला सारून जानेवारी 2024 मध्ये मुलांसाठी 'फिनिक्स' निकष आले. संसर्गाची शंका असेल आणि श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं, मेंदू या चारांत मिळून 2 गुण भरले, तर सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडणं. त्यातला एक तरी गुण रक्ताभिसरणाचा असला की सेप्टिक शॉक. तो तीन वाटांनी मिळतो: वयाच्या मानाने बीपी फार खाली, लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) 5 मिलिमोल किंवा जास्त, नाहीतर बीपी सांभाळायचं औषध पंपावर चालू. लेकीचं लॅक्टेट 6, अ‍ॅड्रिनलिन चालू, प्लेटलेट 82 हजार (1 लाखाखाली गेल्या की 1 गुण). बीपीचा भोपळा धरूनही 3 झाले. कल्चर पॉझिटिव्हच हवं, अशी अट त्यात कुठेच नाही.

गंमत म्हणजे डिस्चार्ज समरीत लॅक्टेटचा उल्लेखच नव्हता. लॅबच्या कागदावर होतं ते 54, कारण एकक मिलिग्रॅमचं. नऊने भागायचं, मग 6 येतात. हे मला कळलं तेव्हा मीच साहेबांना शिकवायला निघाले होते, नवऱ्याने अडवलं. त्यामुळे समरी हातात पडली की घरी निघण्याआधीच वाचा, आकडे नसतील तर तिथेच घालून घ्या. आम्हाला नंतर डॉक्टरांचं वेगळं पत्र, नर्सिंग चार्ट आणि औषधाच्या पंपाच्या नोंदी जोडाव्या लागल्या. चार्टची झेरॉक्स मागायला लाजू नका.

आणि पहिल्याच खेपेला करायला हवं होतं ते म्हणजे पोच. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, नाशिककरांसाठी ते पुण्याला. तो अर्ज मी लिहूनही ठेवला होता.

लागला नाही. हे कागद दिल्यापासून सतराव्या दिवशी पैसे जमा झाले. ग्लोव्हजचे कापूनच.