केसातली क्लिप

बुधवार, रात्री उशिरा

आज नववीची उंची-वजनं घेतली. काम दरवर्षीचंच. एकेकाने काट्यावर उभं राहायचं, मी आकडा मोठ्याने वाचायचा, मॉनिटरने तक्त्यात भरायचा. इतकी वर्षं हेच करत आलेय, पण रांगेकडे नीट पाहिलं ते आजच.

रांग पुढे सरकत होती आणि एक मुलगी मागे जात होती. "तू हो पुढे" म्हणत चौघींना तिने वाट दिली. नंबर आलाच, तेव्हा बूट काढले. ते सगळेच काढतात. मग घड्याळ काढलं, मग केसातली क्लिप. क्लिप मुठीत धरून काट्यावर पाय ठेवला, थबकली, उतरली आणि ती बाकावर ठेवून आली. काही ग्रॅमची क्लिप! मग श्वास रोखून उभी राहिली. सवयीने मी म्हणून गेले, "अडुसष्ट." मागून आवाज आला, "मॅडम, किलो की क्विंटल?" वर्ग हसला. पण सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली ती तीच. ते हसू डोळ्यांपुढून जात नाहीये.

त्या पोराला मी झापलं. पण आकडा त्याला पुरवला कुणी?

शाळेत असताना मी हाडकुळी होते. 'काडी' म्हणायचे मला. त्यामुळे चिडवणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे, असा माझा उगाच समज. बारीक मुलीला लोक विचारतात, "बरं नव्हतं का गं?" जाड मुलीला विचारतात, "किती खातेस?" माझ्या वाट्याला कीव आली, तिच्या वाट्याला आरोप. मुलग्यांचं तर आपण बोलतही नाही. फुटबॉलमध्ये जाडा मुलगा वर्षभर गोलकीपरच का असतो, हे मी कधी विचारलं नाही.

त्या तक्त्यात बीएमआयचाही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचाही, रकाना आहे. त्याचं सूत्र १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या अडॉल्फ केतलेचं. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता; 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता. आजचं नाव त्या सूत्राला १९७२ मध्ये मिळालं. शिवाय १८.५ ते २५ म्हणजे ठीक, ही पट्टी मोठ्यांची. मुलांचा आकडा त्यांच्याच वयाच्या मुला-मुलींशी ताडून बघायचा असतो, कारण वयात येताना अंग भरतं, मुलींचं जास्तच, आणि प्रत्येकीचं वेगळ्या वेळी. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर मात्र मोठ्यांचाच तक्ता. त्याच्यावरून मी आजवर किती जणींपुढे लाल पेनाने फुली मारली असेल!

मधल्या सुट्टीत एक सहकारी म्हणाल्या, "अहो, लाज वाटली तरच कमी करतील ना." मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. लाजेने वजन उतरत असतं तर ही मुलगी केव्हाच सडपातळ झाली असती. लाजेने झालंय ते इतकंच, की खेळाच्या तासाला दर वेळी तिचं पोट दुखतं आणि डबा ती पाठमोरी बसून खाते.

उद्या दहावी. काटा प्रयोगशाळेत, कपाटाच्या आड ठेवायला सांगितलाय. एकेकाला आत बोलावणार, आकडा मीच लिहिणार. मुख्याध्यापक म्हणाले, "वेळ जाईल." जाईल.

क्लिप बाकावरच राहिली होती. माझ्या पर्समध्ये आहे. उद्या द्यायचीय, पण वर्गात नको.