बाहुला कशाला, आवाज द्या

दक्षिण कोरियातल्या सोल शहरानं जानेवारी 2023 मध्ये 'मेटाव्हर्स सोल' उघडलं. आपला डिजिटल बाहुला घेऊन आभासी मेयर ऑफिसात फिरायचं, कराबद्दल विचारायचं, तक्रार द्यायची. ऑक्टोबर 2024 मध्ये ते बंदही केलं, कारण फारसं कुणी फिरकलंच नाही. बरोबर आहे की! जे काम साध्या वेबसाइटवर होतं, त्यासाठी बाहुला कोण चालवत बसणार? आणि ओस पडलेलं सरकारी सभागृह बघायला आम्हा बेळगावकरांना आभासी जग दाखवणारा व्हीआर चष्मा लागत नाही. हायवेला कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, 2012 पासून उभी आहे. हिवाळी अधिवेशन उठलं की झालं, ओसच.

खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. परवा जांबोटीकडचे एक काका वारसा नोंदीचे कागद घेऊन आले. उताऱ्यावर वडिलांचं नाव एक, मृत्यू दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरंच. वंशावळ कुणाकडून तरी कन्नडमध्ये लिहून आणलेली. म्हणाले, "सही कुठं करायची तेवढं सांग, काय लिवलंय ते ऱ्हाऊ दे."

मला ते सोसवत नाही. एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. चौथ्या नावापाशी काका थांबले. "आणि आमची शांता?" मधल्या बहिणीचं नावच नव्हतं. असं नाव कसं गळतं ते या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं दिला, पण वंशावळीतच नाव नसेल तर हक्क मागणार कुठल्या तोंडानं?

घटनेच्या 350 व्या कलमानं आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. गाऱ्हाणं मराठीत चालतं, अर्ज मात्र कन्नड. आमचं अर्धं गाऱ्हाणं तिथंच सुरू होतं.

तंत्रज्ञानाचं वाकडं नाही मला. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेमुळे उतारे संगणकावर आले, तलाठ्याच्या मागं फिरणं कमी झालं. 'दिशांक' ॲप उघडून बांधावर उभं राहिलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. वाटणीच्या वेळी पुण्या-मुंबईतल्या भावांना चष्म्यातून आपला हिस्सा दाखवता आला, तर सही करण्याआधी ओढ्याकडचा तुकडा कुणाच्या पदरात पडतोय ते तरी कळेल. तिथं मी चष्म्याला हो म्हणेन.

बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला म्हटलं, एक कर बाबा. अर्ज मराठीत वाचून दाखवणारा आवाज दे, आणि वंशावळीत कुणी सुटलंय का ते विचारायला लाव. तो म्हणाला, "मामा, त्याला चष्मा कशाला? फोन पुरे."

मग फोनवरच कर की, म्हटलं.