परेडचा लेआउट: रुळांनंतर आता डोक्यावरची तार

अमेरिकेतल्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये ४ जुलैच्या सुट्टीला जुन्या ट्रॉल्यांची, म्हणजे डोक्यावरच्या तारेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांची, परेड निघते. माझ्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेल रेल्वे लेआउटचा विषय तीच परेड. रूळ मागेच बसले होते, आता ओव्हरहेड तार पूर्ण ताणून झाली. परवा ४३९१ नंबरची गाडी त्या तारेतून करंट घेत अख्खा लूप फिरून आली, आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

ट्रॉलीच्या मॉडेलमध्ये बहुतेकांचा जीव डब्यात अडकतो; पोल (छतावरून तारेला टेकणारा दांडा) आणि तार राहते शोभेपुरती. मला हे पटत नाही. तारेवर चालत नसेल तर ती ट्रॉली कसली?

खरी तार प्रमाणात घ्यायची म्हटली तर केसाइतकी बारीक होते, ताण सोसत नाही. म्हणून ०.४ मिमी फॉस्फर ब्राँझ घेतली. खरा वेळ वळणाने खाल्ला. वळणावर तार गोल नसते. छोटे छोटे सरळ तुकडे असतात आणि बाजूच्या ताणतारा त्यांना खेचून धरतात. शिवाय ती रुळांच्या बरोबर मधोमध नसते, थोडी आतल्या बाजूला सरकलेली असते. कारण पोल गाडीच्या मागे ओढला जातो, त्यामुळे त्याचं टोक गाडीपेक्षा लहान वर्तुळात फिरतं. रूळ दोन वाटांना फुटतात त्या सांध्यावर तारेलाही फाटा देणारा तुकडा असतो, फ्रॉग; त्याचंही तेच. तो रुळांच्या सांध्याच्या थेट डोक्यावर नको, पुढे हवा. गाडी आधी वळली पाहिजे, मग पोलचं टोक फ्रॉगशी आलं की ते आपोआप योग्य तारेवर जातं. एवढं जमलं आणि पोल निसटायचा थांबला. पोलची स्प्रिंग मात्र हलकीच ठेवा, जोर जास्त झाला की तारच वर उचलली जाते.

वायरिंग सोपं आहे: तार एक बाजू, दोन्ही रूळ मिळून दुसरी. गाडी लूपमधून उलटी फिरून त्याच रुळावर आली तरी शॉर्ट होत नाही.

आता ४३९१ विषयी. शिकागोने दुसऱ्या महायुद्धानंतर ६०० पीसीसी गाड्या (एका ठरलेल्या नमुन्याच्या ट्राम) घेतल्या. त्यातली ही सेंट लुइस कार कंपनीची, १९४८ सालची. पुढे बहुतेक गाड्या मोडून त्यांचे ट्रक (चाकांच्या बोगी), मोटारी, सीटा शिकागोच्या उन्नत रेल्वेच्या, म्हणजे ‘एल’च्या, ६००० सिरीजच्या डब्यांना लावल्या. २१ जून १९५८ रोजी शहरातली शेवटची स्ट्रीटकार (ट्राम) धावली. त्या ६०० मधली आज फक्त ही एक उरली आहे, म्हणून लेआउटवर पहिला मान तिचा. हिरवा, क्रीम आणि मधला नारिंगी पट्टा असे तीन रंग. पट्ट्याची कड तिन्ही दारांवरून एका रेषेत यायला हवी. मास्किंग टेप नखाने प्रत्येक खाचेत दाबून मगच एअरब्रश हातात घेतला. कड सुरीसारखी आली आहे.

रांगेत तिच्यापुढे १९०८ ची पुलमन कंपनीची १४४ आणि १९०६ ची ‘मॅचबॉक्स’ १३७४ राहतील. १४४ चा सांगाडा उभा आहे. १३७४ च्या खिडक्या रंगल्या की तिचे पोल. धावताना मागचा पोल तारेला आणि पुढचा हुकात अडकवलेला दाखवायचा आहे. एवढा छोटा हुक कुणी पितळेत केला असेल तर कसा वाकवला ते जरूर कळवा.